वाळजाईचे मतदार

८ जानेवारी

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून आदेश हातात दिला. मी एका देवीची प्रशासक झाले. चौलच्या पुढे थेरखार म्हणून गाव आहे, तिथली वाळजाई. जुने विश्वस्त बाजूला केलेत. नवे निवडून येईपर्यंत देवळाचा कारभार मी बघायचा आणि निवडणूकही मीच घ्यायची.

झालं असं, की मागच्या चैत्रात पालखी तिठ्यावर आली आणि आधी वरच्या आळीत जायची की खालच्या, यावरून मारामारी झाली. माणसं पालखी रस्त्यात टाकून भांडत राहिली. ऊन उतरेपर्यंत देवी डांबरावर बसून होती म्हणे. मग दोन्ही आळ्यांनी आमच्या धर्मादाय कार्यालयाकडे एकमेकांविरुद्ध तक्रारी केल्या.

मी म्हटलं, "सर, माझ्या घरात देव्हारासुद्धा नाही."

साहेब हसले. "म्हणूनच तुम्ही. तटस्थ."

आई गेल्यावर तिचे देव मी ताईकडे पाठवून दिले, कारण रोजची पूजा झेपेना. याला तटस्थपणा म्हणत असतील तर मी आहे तटस्थ.

११ जानेवारी

थेरखारला जाऊन आले. देऊळ लहान, जांभ्या दगडाचं. वादळात छप्पर उडालं होतं, आता निळा पत्रा आहे. मागे नारळ-सुपारीची वाडी, देवीच्याच नावावर. त्या वाडीतल्या घरात येसाजी गुरव आणि त्यांची बायको मनुबाई राहतात. पूजा पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे, त्याबदल्यात वाडीचं उत्पन्न त्यांचं.

मी आदेश वाचून दाखवला. येसाजी शांतपणे म्हणाले, "चार्ज घ्या, म्याडम. पन आधी आईला इचारायला लागंल."

म्हणजे कौल. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सरकारी आदेश हातात धरून उभी, आणि सगळं गाव पाकळ्यांकडे डोळे लावून. फार वेळ लागला. मग उजवी पडली. गावानं श्वास सोडला. मीही सोडला, याचं मला परतीच्या एसटीत आश्चर्य वाटलं. डावी पडली असती तर मी साहेबांना काय कळवलं असतं? देवीची हरकत आहे?

मनुबाईंनी चहा दिला. विहिरीच्या पायऱ्या उतरताना गुडघा "असा बोलतो" म्हणाल्या. मी त्यांना अलिबागच्या चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्या नुसत्या हसल्या.

२३ जानेवारी

मोठाच घोळ आहे. देवस्थानच्या घटनेत लिहिलंय, की विश्वस्त "गावातील वाळजाईच्या सज्ञान भक्तांनी" निवडावेत. भक्त कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. रोज येणारा? जत्रेला येणारा? नवस बोलणारा? साहेबांना फोन केला. "तुमच्या स्तरावर ठरवा," म्हणाले.

मी ठरवलं, की जो स्वतः येऊन "मी भक्त आहे" असं लिहून देईल तो भक्त. याहून जास्त सरकारनं खोलात जाऊ नये. मला हे जमल्यासारखं वाटलं.

अल्पेशभाई भेटले. तिठ्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, किनाऱ्याकडे पर्यटकांच्या खोल्या. आजोबांपासून इथलेच. वादळानंतर देवळावरचा निळा पत्रा यांनीच घातला. म्हणाले, "किशोरीबेन, तमे एकट्या किती करणार? माझी दोन माणसं देतो, टेबल देतो, पंखा देतो." पंखा लगेच आलासुद्धा. कसलीही अपेक्षा न ठेवता मदत करणारी माणसं अजून आहेत. त्यांची माणसं तर खोल्यांवरच्या कामगारांनाही नाव द्यायला स्वतः घेऊन आली. एवढा उत्साह इतरांनी दाखवला तर काम महिन्यात उरकेल.

९ फेब्रुवारी

आज एका मुलानं मला तासभर भंडावून सोडलं. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. स्वराज. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आहे, सुट्टीला गावी येतो.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका. पण तुम्ही इथे का?"

"तुमच्याच गावानं तक्रार केली म्हणून."

"भांडण आमचं. मिटवलं असतं, नसतं मिटवलं. घरात भांडण झालं तर सरकार येऊन किचन चालवतं काय?"

"देऊळ घर नाही. सार्वजनिक आहे."

"सार्वजनिक म्हणजे सरकारी नाय ना?"

मग त्यानं विचारलं, की असा प्रशासक फक्त आमच्याच देवांवर बसतो काय. मी सांगितलं, इतरांच्याही संस्था नोंदवलेल्या असतात, त्यांच्यावरही मंडळं असतात, कायदे असतात. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे सगळ्यांनाच बांधलंय. मग तर अजून बेकार."

परत येताना मला उत्तर सुचलं. दोन्ही आळ्यांनी मिळून एखाद्याला देवळाबाहेर ठेवलं, तर त्यानं कुणाकडे जायचं? पण त्याचंही काहीतरी उत्तर स्वराजकडे असेल असं वाटलं आणि पुन्हा गोंधळले. त्याचं नाव मात्र मी घेतलं. राहतो उलव्याला, पण म्हणतो गाव हेच.

१६ फेब्रुवारी

जहुराबी आल्या. तिठ्यावर कोपऱ्यातलं घर त्यांचं. मोठा मुलगा मकसूद, त्याच्या दोन होड्या आहेत. धाकटा कतारला. म्हातारी समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "माझं नाव लिव, बेटी."

अल्पेशभाईंची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी विचारलं, "आजी, हे भक्तांसाठी आहे. तुम्ही भक्त आहात?"

"तौबा! बंदगी अल्लाची. त्याच्यात दुसरी बात न्हाय."

"मग नाव कशाला?"

"ही बाय माझी शेजारीन हाय. होडी दर्यात जाते तेवा माझ्या सासूनं तिला नारळ दिला, मी देते. पालखी माझ्या दारात थांबते, भोयांना पानी मी देते. तिच्या घरात कारभारी कोन येनार, ते शेजारनीनं बघायचं न्हाय?"

फॉर्मवर "शेजारीण" असा रकाना नाही. तरी मी अर्ज घेतला. संध्याकाळी मकसूद आले. अदबीनं उभे राहून म्हणाले, "मॅडम, अम्मीचं नाव काढा. दोन्हीकडून बोलणी आम्हालाच खावी लागतील."

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना नका सांगू."

काढलं. काढताना वाटलं, की हिला न विचारता काढते आहे, हे बरोबर नाही. आणि ठेवलं असतं तर मुलाला न जुमानता ठेवलं असतं. कुठलं जास्त चूक, ते ठरेना.

२ मार्च

अल्पेशभाईंनी एक चांगला मुद्दा लक्षात आणून दिला. देवीच्या मालमत्तेवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी विश्वस्त निवडणं योग्य नाही. हितसंबंध येतात. कायद्याच्या दृष्टीनं अगदी स्वच्छ विचार आहे. मला स्वतःला सुचायला हवा होता. येसाजी आणि मनुबाई यांची नावं मी कमी केली.

येसाजी सुपाऱ्या सोलत राहिले. मनुबाई अंगण झाडत होत्या, त्या थांबल्या.

"म्हंजे मी भक्त न्हाय?"

"तसं नाही हो. तुम्ही सेवेकरी."

"बरं," म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या. मला भीती होती की वाद होईल. झाला नाही. समजूतदार आहेत दोघं.

१८ मार्च

अल्पेशभाईंनी नकाशा आणला होता. वाडीच्या जागी भक्तनिवास आणि गाड्या लावायला जागा. शनिवार-रविवारी गाड्या थेट देवळाच्या पायरीशी उभ्या असतात, हे खरंच आहे. जागा भाडेपट्ट्यानं द्यायची तर आमच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि प्रशासकाचा अभिप्राय सोबत असला तर बरं पडतं. मी लिहिलं, "तत्त्वतः हरकत नाही." तत्त्वतः हा शब्द असल्यामुळे बांधून घेतल्यासारखं होत नाही.

मनुबाई नकाशाकडे डोकावत होत्या. "तिथं नळ असंल? संडास खालीच असंल?"

मी म्हटलं, "भक्तांसाठी सगळी सोय असेल."

"हां. भक्तांसाठी."

त्यांना वाडी जायची काळजी वाटत असणार. मी म्हटलं, काळजी करू नका.

१२ एप्रिल

चैत्री पौर्णिमा. आजचं आजच लिहून काढते.

निवडणूक मे महिन्यात, त्यामुळे जत्रा माझ्याच कारकिर्दीत आली. दोन्ही आळ्यांची बैठक घेऊन ठरवलं होतं, की यंदा आधी वरची आळी, पुढच्या वर्षी आधी खालची. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पालखी निघाली, ढोल, गुलाल, पुढे येसाजी पूजेचं तबक घेऊन. तिठ्यावर आली आणि थांबली. खालच्या आळीतला एकजण म्हणाला, मागच्या वर्षीचा मान बुडाला त्याचं काय? वरच्या आळीतले पुढे सरसावले. हवालदारानं शिट्टी वाजवली. मग ढोलही थांबले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्याडम, सांगा!"

ठरलेलं तेच मोठ्यानं सांगायचं होतं. पण ते दोन्हीकडचे चेहरे बघून ती जबाबदारी मला नकोशी झाली. मी येसाजींकडे वळले. "येसाजी, कौल लावा."

"न्हाय लावायचा."

मला वाटलं, ऐकू नीट आलं नाही.

"वाडीत टेप टाकून मापं घेतली. तुमची हरकत न्हाय असं कागुद हाय म्हनतात. तेवा आईला इचारलंत? आमाला इचारलंत? मंग आता वाट तरी कशाला इचारता? ह्ये पन सही करून ठरवा."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण हात एवढे कापत होते, की तबकातला पेटता दिवा कलंडायला आला होता. मी घाबरून ओरडले, "खाली ठेवा! खाली ठेवा!"

मी तबकाबद्दल बोलत होते. भोयांनी पालखी खाली ठेवली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्याडमनी आईला हितंच बसवली." ते वाक्य गर्दीतून पुढे गेलं आणि पुढे जाताना त्याचा हुकूम झाला. माझी चूक सांगायला मी तोंड उघडलं, तोवर जहुराबी स्वतःच्या घरातून लाकडी पाट घेऊन आल्या. "डांबर तापलंय, दिसत न्हाय? अशी कशी ठेवता बायला?" भोयांनी पालखी उचलून पाटावर ठेवली. वरच्या आळीतली एक बाई ओटी घेऊन आली. तिच्यामागे खालच्या आळीतल्या दोघी. मग रांगच लागली. कुणाच्या घरी आधी, हा प्रश्नच उरला नाही, कारण ती कुणाच्याच घरी गेली नाही.

येसाजी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला अंगारा लावत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

१४ एप्रिल

पेपरात आलंय, "प्रशासकांचा समंजस तोडगा". साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. मी म्हटलं, "सर, तो गैरसमज होता." ते म्हणाले, "नम्रता चांगली असते."

दुपारी स्वराजचा फोन. "शेकडो वर्षं दारोदार जाणारी देवी तुम्ही एका ऑर्डरीत चौकात बसवली. माझी आजी खाटेवर आहे, उठता येत नाय. ओटी मांडीवर घेऊन बसली होती. पालखी आलीच नाय."

हेही खरं आहे. मारामारी झाली नाही हे खरं, आणि म्हातारी ओटी घेऊन बसून राहिली हेही खरं. तिला मी काय सांगू? देवीचं नव्हे, माझं चुकलं असं सांगितलं, तर देवीनं कुठे जायचं हे ठरवणारी मी कोण?

वाडीवर जाऊन आले. या वेळी नीट पाहिली. येसाजींनी वादळानंतर लावलेली माडाची रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. मी म्हटलं, "मी विचारायला हवं होतं." ते म्हणाले, "मंग आता इचारा." मी विचारलं. ते म्हणाले, "मी ह्या मातीतून न्हाय हालायचा." एवढंच.

तो अभिप्राय मागे घेत असल्याचं कार्यालयाला लिहून दिलं.

११ मे

निवडणूक पार पडली. शांतपणे, नियमानं. अल्पेशभाईंची माणसं बहुमतानं आली. त्यांच्यात स्वराजही निवडून आला. कुठे बोट ठेवायला जागा नाही, कारण जो मी भक्त म्हणतो तो भक्त, हा नियम माझाच. मतदानाला आलेल्या बऱ्याच जणांना देवळाची वाट विचारावी लागली, हे मी आज पाहिलं.

चार्ज देताना स्वराज खूश होता. "सुटली बघा आमची आई सरकारच्या तावडीतून."

मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण वाटायला नको होतं.

२७ जून

नव्या विश्वस्तांचा पहिला ठराव आमच्या कार्यालयात आला. वाडी भाडेपट्ट्यानं द्यायची. एकमतानं मंजूर. परवानगीसाठी सुनावणी होईल, आणि माजी प्रशासक म्हणून माझा जबाब होईल.

म्हणजे आता असं आहे. लोकांनी निवडलेले लोक वाडी द्या म्हणतात. आणि येसाजींना वाचवणारं काही उरलं असेल, तर ज्याच्या तावडीतून देवी सुटली म्हणून स्वराज नाचला तेच सरकार. मी कुणाच्या बाजूची आहे, हे मलाच कळत नाही.

२२ जुलै

सुनावणी झाली. विश्वस्तांच्या वकिलांनी मला विचारलं, "आधी हरकत नाही, मग हरकत आहे. मधे काय झालं? देवीनं सांगितलं?" सगळे हसले.

मी म्हटलं, "मधे मी वाडी पाहिली. आधी नुसता नकाशा पाहिला होता. आणि तिथे राहणाऱ्यांना विचारलं."

"कोणाला?"

"येसाजींना."

परवानगी नाकारली. सेवेकऱ्यांच्या राहण्याची सोय झाल्याखेरीज प्रस्ताव आणू नये, असा आदेश.

बाहेर अल्पेशभाई थांबले होते. मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा दुखावलेला होता. "किशोरीबेन, मी वाईट माणूस नाय. देवीचं छप्पर उडालं तेव्हा कोण आला होता? मनुबेनसाठी मी खाली खोली काढली होती. नळवाली."

ते मला माहीत नव्हतं.

स्वराज जिन्याशी उभा होता. "बघा, लोकांनी निवडून दिलं तरी शेवटी तुम्हालाच विचारायचं." मग आवाज उतरवून म्हणाला, "ठरावाला हात मी पण वर केला होता. गाड्यांची कटकट खरीच आहे. पण नाकारलं तेव्हा बरं वाटलं. आता यात माझं कुठलं मत खरं पकडायचं, मॅडम?"

पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच पायरीवर उभे होतो.

३ ऑगस्ट

रविवार म्हणून थेरखारला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. येसाजी दिव्याचं तेल आणायला तिठ्यावर गेले होते. मनुबाई विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या, एकेक पायरी, दगडाला हात टेकत. मी कळशी घ्यायला गेले तर देईनात.

"चांगलं केलंत, म्याडम. ह्यांना आता झोप लागते."

"आणि तुम्हाला?"

"मला काय." कळशी ओट्यावर टेकवून त्या बसल्या. "अल्पेशशेठ नळाची खोली देनार व्हता. ह्यांना म्हनले, जाऊया. ह्ये मातीच्या गोष्टी सांगतात. माती ह्यांची. पानी मी वाहते."

मी सुनावणीत किती ठामपणे म्हटलं होतं, राहणाऱ्यांना विचारलं. एकाला विचारलं होतं.

"मनुबाई, आता विचारते. तुम्हाला काय हवं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी उलटसुलट बोलले. मग पदरानं कळशीचा काठ पुसला. मला वाटलं, नळ म्हणतील. खोली म्हणतील.

"दिवेआगरला माझी भन हाय. तिच्याकडं जायाचंय. चार दिवस. लगीन होऊन आल्ये तवापास्नं रातीला कुठं ऱ्हायले न्हाय. मी गेल्ये तर आईचं पानी कोन भरंल? ह्यांची कंबर वाकत न्हाय."

२ नोव्हेंबर

रजा टाकली. कारणाच्या जागी "खासगी" लिहिलं. मनुबाईंना सकाळी एसटीत बसवून दिलं. पिशवीत बहिणीच्या पोरांसाठी खाऊ, केसांत अबोली. गाडी सुटल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

नळासाठी स्वराजनं विश्वस्तांत ठराव मांडलाय. अल्पेशभाई पाइप देतो म्हणालेत. होईल तेव्हा होईल.

तोवर विहीर. पहिली कळशी भरून वर आणेपर्यंत मी भिजले आणि निम्मं पाणी पायऱ्यांवर सांडलं. येसाजींनी ती गाभाऱ्यात घेतली. मग मी अंगण झाडायला घेतलं. सुपारीची झावळी पडलेली, ती ओढून बाजूला केली. देवीसमोर हात जोडायचे की नाही, ते ठरलं नाही, म्हणून झाडतच राहिले.

स्वराज मोटरसायकलवरून जाताना थांबला. "मॅडम? परत प्रशासक?"

"नाही रे," मी म्हटलं. "मनुबाई बाहेरगावी गेल्यात."